तिचा फोटो घेऊन मुंबईपर्यंत

डॉक्टरांनी मला साखरेचा आजार सांगितला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. गोळ्यांबरोबर त्यांनी रोज तासभर चालायला सांगितलं. चालायचा मला कंटाळा, म्हणून सायकल घेतली. पहाटे गोंदियातून निघायचं, नागऱ्याच्या शिवमंदिरापर्यंत जायचं, बाहेरच्या टपरीवर फिका चहा प्यायचा आणि परत येऊन अर्जुनीकडे जाणारी पॅसेंजर पकडायची. त्या बाजूच्या एका गावात मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. वीस वर्षं झाली, रोज अपडाऊन करतो.

टपरीवर आणखी दोघं भेटायला लागले. एक राइस मिलचा मालक, माझ्यापेक्षा लहान, गोंदियातच वाढलेला. बोलणं सगळं हिंदीत, मध्येच मराठी. दुसरे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. ते कमी बोलायचे आणि आमच्या तिघांच्या सायकलींची पंक्चर काढायचे. घरी कुणाला सांगता येत नाहीत अशा गोष्टी आम्ही त्या बाकावर बसून एकमेकांना सांगायचो. माझ्या वर्गातल्या मुलीची गोष्टही मी तिथेच सांगितली.

ती बारावीत होती. बसायची दाराजवळच्या बाकावर, डावा पाय बाहेर लांब करून. आठवड्यातले दोन-तीन दिवस यायचीच नाही. तिला सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, आहे हे शाळेत मला आणि मुख्याध्यापकांना माहीत होतं. वर्गाला ती नुसती 'कमजोर' म्हणून माहीत होती. आमच्या भागात हा आजार घरोघरी सापडतो, पण त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. मुलीचं लग्न व्हायचं असेल तर मुळीच नाही.

हे माहीत असूनही त्या वर्षी आनुवंशिकतेचा धडा शिकवताना मी पुस्तकातलं वाटाण्याचं उदाहरण सोडलं आणि सिकलसेलचं घेतलं. मुलांना आपल्या भागातलं काही कळावं, एवढंच मनात होतं. फळ्यावर चौकट काढली. आई वाहक, बाप वाहक, चार चौकोन. एकात आजार, दोनांत नुसता वाहकपणा, एक अगदी मोकळा. तिनं वहीत चौकट काढून घेतली. तास संपल्यावर सगळे निघून गेले तरी ती बसून होती. मी जवळ गेलो.

"सर, हे पोरायले ओळीनं होते का? म्हणजे मले झालं त आता माह्या ताईले नाई होनार?"

"तसं नसतं. प्रत्येकाचं वेगळं. तिची तपासणी झाली आहे का?"

"नाई. घरी नाई म्हणतात."

स्वतःबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही. त्या दिवशी गाडीत मला वाटत राहिलं की या पोरीसाठी काहीतरी करायला पाहिजे. पुढे जे झालं त्याची सुरुवात या चांगल्या वाटण्यातूनच झाली, म्हणून ते इथे नोंदवतो.

पावसाळा संपता संपता तिच्या डाव्या खुब्याचं दुखणं इतकं वाढलं की काठी लागायला लागली. या आजारात कधीकधी खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही आणि ते झिजून जातं. नागपूरच्या डॉक्टरांनी खुबा बदलायला सांगितला. खर्च तिच्या बापाच्या आवाक्यातला नव्हता. तो ठेक्यानं दुसऱ्याच्या धानाच्या बांध्या करायचा. सरकारी मदतीसाठी मी दोन-तीन ठिकाणी कागद फिरवले. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या ठिकाणचा पत्ता मिळाला.

हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा मिलवाला चहा ठेवून म्हणाला, "सर, अपन सायकलसे बंबई चलते हैं."

"कशाला?"

"पैसा जमा करने. हाथ फैलाओ तो कोई नहीं देता. पसीना दिखाओ, तो देता है."

गार्डसाहेब हसले. पण आठ दिवसांत सगळं ठरलं. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. मिलवाल्यानं पिवळे टी-शर्ट छापून घेतले, मागे येणाऱ्या गाडीची सोय केली आणि मदतीसाठी मुलीच्या बापाच्या नावानं खातं उघडून दिलं. पैशाच्या बाबतीत तो शेवटपर्यंत स्वच्छ राहिला, हे सांगायलाच पाहिजे. आमच्या हातून जे बिघडलं ते पैशात नव्हतं.

बॅनरसाठी फोटो हवा होता. तो काढायला मी एका रविवारी तिच्या घरी गेलो. लवकर येणारा हलका धान कापणीला आला होता. बाप विळा धुऊन अंगणात आला आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुमाले जे बरोबर वाटते ते करा, सर. आमी का सांगाव?"

आई दारात उभी होती. आत मोठी मुलगी चहा करत होती. तिचं साक्षगंध झालं होतं, मुलगा देवरीकडचा, लग्न फाल्गुनात, हे आईनं मला कौतुकानं सांगितलं. मग म्हणाली, "गुरुजी, फोटो लागनच का?"

"चेहरा दिसला की लोकांना दया येते. नुसत्या नावावर कोण देतं?"

"आन् गावाचं नाव?"

"ते टाकावंच लागेल. नाहीतर लोकांना खोटं वाटेल."

ती काही बोलली नाही. मला तो होकार वाटला. वीस वर्षं शिकवतोय. मूल गप्प बसलं म्हणजे त्याला कळलंच असं नसतं, हे मला त्या अंगणात आठवायला हवं होतं.

मुलगी शाळेच्या गणवेशात बाहेर आली, दोन वेण्या घालून. भिंतीशी सरळ उभी राहिली. काठी तिनं दाराआड ठेवली होती. मोबाईलमध्ये ती छान दिसत होती, हसरी, कुणाही सुदृढ मुलीसारखी. मी म्हणालो, "काठी घे ना हातात." तिनं आणली. "आणि हसू नको." ती हसायची थांबली. तो फोटो चांगला आला.

बॅनरवर मोठ्या अक्षरात होतं: 'सिकलसेलग्रस्त लेकीला पायावर उभं करू या'. खाली तिचं नाव, गावाचं नाव, तालुका. मागून येणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना तो लावला, आणि त्याची छोटी प्रत आमच्या तिघांच्या पाठीवर. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. एका पुढाऱ्यानं झेंडी दाखवली. मुलीलाही आणलं होतं. तिला मंचावर खुर्ची दिली, गळ्यात हार घातला. पुढाऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटोग्राफरचं होईपर्यंत काढला नाही.

अकरा दिवसांचा प्रवास होता. साकोलीपर्यंतच माझ्या मांड्या पेटल्या. भंडाऱ्याच्या पुढे ट्रकवाले इतक्या जवळून जायचे की हँडल थरथरायचं. पण नागपूर सोडल्यावर अंग सरावलं आणि मला मजा यायला लागली. हे लिहायला जड जातं, पण खोटं कशाला लिहू? माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. ढाब्यावरचे लोक पैसे घ्यायचे नाहीत. शाळांमध्ये मुलं रांगेनं उभी राहून टाळ्या वाजवायची, आपला खाऊचा पैसा डब्यात टाकायची. गावोगावी शाल आणि नारळ. वर्गात ज्याचं कुणी ऐकत नाही असा मी मास्तर, माझं भाषण लोक डोळे पुसत ऐकायचे. तीच गोष्ट मी दिवसातून चार वेळा सांगायचो. कुठे थांबलं की लोकांचा श्वास अडकतो हे मला तिसऱ्या दिवसापर्यंत पाठ झालं. ती ताईबद्दल विचारते तो प्रसंगही मी त्यात घातला होता. त्यावर लोक हमखास रडायचे.

मिलवाला रोज संध्याकाळी व्हिडिओ टाकायचा. तो गोंदियात, भंडाऱ्यात, बालाघाटकडेही फिरायला लागला होता. पैसे धडाधड येत होते.

अमरावतीच्या एका सभागृहात सत्कार झाल्यावर एक बाई पुढे आल्या. बॅनर नीट वाचून म्हणाल्या, "अर्जुनीकडच्या ना या? आमची मावशी राहते त्याच गावात. कोणाची मुलगी म्हणायची ही?" मी बापाचं नाव सांगितलं. बाईंनी ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं.

बाहेर आल्यावर गार्डसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, गावाचं नाव झाकून टाकू. कागद चिकटवतो मी."

"काऊन?"

"पोरीचं घर आहे ते. उद्या त्यांना तिथंच राहायचं आहे."

"मुंबईला गेल्यावर बघू," मी म्हणालो. पण त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या पाठीवरचा फोटो काढून पिशवीत ठेवला. मिलवाल्याला वाटलं, ऊन लागतं म्हणून काढला असेल.

आठव्या दिवशी, धुळ्याच्या अलीकडे, दुपारच्या जेवणाला थांबलो असताना मुलीचा फोन आला. तिनं मला याआधी कधी फोन केलेला नव्हता.

"सर, तुमी कुठं पोचले?"

"धुळं येऊन राहिलं. तू कशी आहेस? गोळ्या घेतेस ना?"

"घेतो." मग काही क्षण नुसता वारा ऐकू आला, ती घराबाहेर कुठेतरी उभी असावी. "सर, तो फोटो काढता येन का?"

"का गं?"

"ताईच्या सासरच्यायनं पाह्यला. त्यायच्या जावयानं मोबाईलवर दाखवला. काल त्यायचा मामा आला होता. बाबाले इचारत होता का हे मोठीले पन आहे का म्हणून."

मी ढाब्याच्या खाटेवर बसलो होतो. समोर शेवभाजी गार होत होती. मी तिला म्हणालो, "घाबरू नको. चांगल्या कामात अडचणी येतातच. मी आलो की त्यांना समजावून सांगतो. तीनच दिवस राहिले आता."

"पन सर, आज काढला त..."

तिकडून मिलवाला ओरडला, "सर, चलो, प्रेसवाले आ गए!" मी तिला "ठेवतो बेटा" म्हणालो आणि फोन ठेवला. बॅनरसमोर उभा राहून प्रेसवाल्यांना माझा फोटो घेऊ दिला. दोघांना काही सांगितलं नाही. त्या दिवशी बॅनर काढून तसं काही वाचलं असतं का, मला माहीत नाही. व्हिडिओ तोवर घरोघरी गेला होता. पण मी काढला नाही, एवढं खरं. दुसऱ्या दिवशीही नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही. कसारा घाट उतरताना वारा कानात भरला होता आणि मी मोठ्यानं ओरडत होतो.

मुंबईत आपल्या जिल्ह्याकडच्या मंडळींनी हॉल घेतला होता. लागणारी रक्कम पुरी झाल्याचं तिथे जाहीर झालं. लोक उभे राहिले. मला सन्मानचिन्ह दिलं, काचेचं, त्यात सायकल कोरलेली. ते अजून घरी आहे. बायको दर दिवाळीला पुसून ठेवते. फेकून दे म्हटलं की म्हणते, "लोकांनी प्रेमानं दिलेलं असं फेकतात का?"

परत आलो त्या आठवड्यात मोठीचं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी साक्षगंधाची साडी आणि चांदीची जोडवी परत मागितली. मला हे शाळेतल्या शिपायानं सांगितलं. मी त्याच दिवशी त्यांच्या घरी गेलो. बाप शेतात होता. आईनं खुर्ची आणली नाही. मी म्हणालो, "मोठीची तपासणी करू. रिपोर्ट घेऊन मी स्वतः त्यांच्याकडे जातो."

गोंदियाला तपासणी केली. ती मोकळी निघाली. आजार नाही, वाहकपणाही नाही, काहीच नाही. रिपोर्ट हातात आल्यावर मला लहान मुलासारखा आनंद झाला. गार्डसाहेबांना बरोबर घेऊन मी देवरीकडे गेलो. मुलाच्या बापानं आम्हाला बैठकीत बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. रिपोर्ट चष्मा लावून पूर्ण वाचला. मी त्यांना चार चौकोनांची चौकट कागदावर काढून दाखवली. त्यांनी तीही लक्ष देऊन पाहिली.

"बरोबर आहे, सर," ते म्हणाले. "तुमी शिकलेले लोक. रिपोर्ट खोटा नाई राहात."

"मग?"

"गाव रिपोर्ट वाचते का? गावानं फोटो पाह्यला. आता मी का ह्या कागदाचा बॅनर बनवून घरावर लावू?"

मी चौकटीच्या कागदाची घडी घातली.

ते पुढे म्हणाले, "माह्या घरी अजून दोन पोरी लग्नाच्या आहेत. तुमी माह्या जागी असते त का केलं असतं?"

परत येताना गार्डसाहेबांनी एकदाच तोंड उघडलं. "चहा चांगला होता," म्हणाले.

ऑपरेशन जानेवारीत झालं, नागपूरला. चांगलं झालं. मी दोनदा भेटायला गेलो. पहिल्या वेळी ती झोपलेली होती. दुसऱ्या वेळी जागी होती, पण मी खोलीत आल्यावर तिनं डोळे मिटले. बारावीची परीक्षा राहिली. जुलैत दिली, पास झाली. पेढे आले नाहीत. निकालाचा कागद न्यायला आई आली होती. शाळेच्या व्हरांड्यात मी तिला थांबवलं आणि मोठीसाठी कुठे स्थळ सुचवू का म्हणून विचारलं.

ती म्हणाली, "गुरुजी, पाय देल्ला तुमी. नाई म्हणत नाई मी. माही पोरगी चालते आता. पन आमच्या घरी येत नोका जाऊ. तुमी आले का लोक बाहेर निंगून पाहतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या सुमारास मिलवाल्याचा फोन आला. पुढच्या दिवाळीत पुन्हा निघायचं, या वेळी दिल्ली. बालाघाटच्या बाजूचा एक लहान मुलगा त्यानं शोधला होता, हृदयाला भोक असलेला. "और सर, अपनी लडकी का एक फोटो चाहिए. चलते हुए. पहले और बाद में, दोनों साथ लगाएंगे. लोगों को भरोसा आता है."

मी त्याला मोठीचं लग्न मोडल्याचं सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. मग तो म्हणाला, "लेकिन सर, लडकी तो चल रही है ना?"

मी दिल्लीला गेलो नाही. मिलवाला दुसऱ्या चार जणांना घेऊन गेला. तो मुलगा वाचला. आज तो शाळेत जातो. म्हणून मिलवाल्याला मी काही वाईट म्हणू शकत नाही, आणि टपरीवर त्याच्या शेजारी बसूही शकत नाही. गार्डसाहेब गुडघ्यामुळे यायचे बंद झाले. मी आता सायकल घेऊन दुसऱ्या रस्त्याला जातो.

मोठीचं लग्न पुढे राजनांदगावकडे झालं. मुलगा बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, एक लेकरू. मला बोलावणं नव्हतं. मला हे त्या मुलीकडूनच कळलं, गेल्या श्रावणात, गोंदिया स्टेशनवर.

ती आता गोंदियात नर्सिंग शिकते आणि सुटीला घरी जाते. मी रोजच्या पॅसेंजरची वाट बघत होतो. ती जिन्यावरून उतरली, पाठीवर बॅग, पाय किंचित वळवून पण भराभर. मला पाहून थबकली, आणि मला वाटलं ती पुढे निघून जाईल. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

मीच बोलायला सुरुवात केली. अभ्यास, होस्टेल, गोळ्या. तिनं नीट उत्तरं दिली. ताईचं विचारलं, तेव्हा तिनं ते राजनांदगावचं सांगितलं. "भाटवे चांगले आहेत," ती ताईच्या नवऱ्याबद्दल म्हणाली. "दारू नाई पेत."

मग मी म्हणालो, "माझी चूक झाली. तुझ्या आईनं विचारलं होतं मला फोटो लागेल का म्हणून. मी ऐकलं नाही."

"आईले इचारलं, बाबाले इचारलं," ती रुळांकडे बघत म्हणाली. "मले कुठं इचारलं, सर?"

"तू नाही म्हणाली असतीस?"

"नाई. हो म्हटलं असतं. लय दुखे तेव्हा. रातभर झोप नाई ये. मी हो म्हटलं असतं." मग म्हणाली, "पन मंग ते माहं राहिलं असतं. ताईच्या पाया पडली असती मी, सांगतलं असतं का माह्यानं सहन नाई झालं. आता ताई मले म्हणते, तूच सरले सांगतलं असन. मी नाई म्हणतो, त तिले खरं नाई वाटत. फोटोत मीच त उभी आहो."

गाडी लागत असल्याची घोषणा झाली. ती उठली, बॅग सारखी केली. "येतो, सर," म्हणाली आणि पुढे महिलांच्या डब्याकडे गेली.

मी मागच्या डब्यात चढलो. आमच्या अपडाऊनवाल्या मंडळींनी माझी जागा धरून ठेवली होती. सौंदडपर्यंत त्यांचे पत्ते चालू होते. दोन डाव मीही खेळलो.